न वाढणारी रेघ

मला आधी त्याचे पाय दिसले. उरलेला माणूस बोटीच्या कपाटात अडकला होता.

"कुणी आहे का... बाहेर?" कपाटातून आवाज आला.

मी धक्क्यावरून आत्याच्या, बोटींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याकडे निघाले होते. बोटीत उतरले, दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर, हातात पाना, असा तो बाहेर आला.

"आभारी आहे. नट काढत होतो."

"निघाला?"

"नाही. मीच निघालो."

मी हसले. मग त्याने सांगितलं की महिन्याभरात तो याच बोटीतून एकटा महासागर ओलांडणार आहे... आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

तो चष्मे बनवायचा. बोट त्याच्या वडिलांनी अकरा वर्षं खपून बांधलेली, पण धक्क्याच्या भिंतीबाहेर त्यांनी ती कधी नेलीच नाही. ते गेले आणि महासागर ओलांडायची त्यांची इच्छा याच्या गळ्यात पडली.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा धरून ठेवतात, आणि त्या तारांना बोटीच्या कडेला बसवलेल्या स्टीलच्या सहा पट्ट्या. एक पट्टी तुटली की तार सुटते, तार सुटली की डोलकाठी आडवी. त्याच्या पट्ट्या आरशासारख्या लखलखत होत्या.

"मी स्वतः घासल्यात," तो अभिमानाने म्हणाला.

"सगळ्या काढा. घासलं की भेगा झाकल्या जातात. आणि हे स्टील जिथे हवा लागत नाही तिथेच सडतं."

"म्हणजे मी छान सीलंट लावून बंद केलं, तिथे?"

"तिथेच. दुसऱ्यांना चष्मे देता आणि स्वतःला एवढं दिसत नाही?"

"आता दिसायला लागलंय," तो म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे...

कारखान्यात आत्याने जुन्या पट्ट्या उलट्यापालट्या केल्या. "वरून कीर्तन, आतून तमाशा!" पट्ट्या डेकमधून जिथे आरपार जात होत्या, तिथे तपकिरी खड्डे पडले होते. मी त्यांना लाल द्रव लावला, पंधरा मिनिटांनी पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. सहापैकी पाच पट्ट्यांवर लाल रेघा उमटल्या. त्याचा चेहरा त्या पुडीसारखा झाला.

आत्याने सहा नव्या पट्ट्या करायला घेतल्या. एकेक तयार झाली की मी ती अशीच तपासायची आणि मगच तो बोटीवर न्यायचा. तो रोज यायचा. पट्टी तयार नसली तरी यायचा.

"आज काय काम?" मी विचारायची.

"पाना परत करायचा होता."

"हा आमचा नाहीच."

"अरेच्चा... मग उद्या तुमचा घेऊन जातो, म्हणजे परवा परत करता येईल."

आत्या मान खाली घालून हसायची. मीही हसायची, पण एक गोष्ट विसरता यायची नाही. दोन वर्षांपूर्वी इथूनच गेलेल्या एका बोटीची डोलकाठी भर समुद्रात मोडली होती. बोट ओढून आणली, माणूस आला नाही. तिची तुटकी पट्टी आत्याने भिंतीवर टांगून ठेवली होती. हा बोलत असला की माझी नजर सारखी तिच्यावर जायची. पाच पट्ट्या बसल्या तेव्हा मला कळून चुकलं की सहावीनंतर तो जाणार आणि मला ते सहन होणार नाही.

सहावी पट्टी निर्दोष निघाली. पांढरी पूड पांढरीच राहिली. मी दाराकडे पाहिलं. सगळ्यात बारीक कुंचला लाल द्रवात बुडवला आणि नट-बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी रेघ ओढली.

तो आल्यावर मी ती दाखवली. "ही बाद." आवाज माझा मलाच परका वाटला.

"दुसरी?"

"या जाडीचं स्टील संपलंय. पंधरा दिवस लागतील."

"वारा पाच दिवसांत फिरणार. मग पुढच्या वर्षापर्यंत..." तो थांबला. मान हलवून बाहेर पडला. म्हणजे आता वर्षभर तो इथेच! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

जेवणानंतर आत्याने ती पट्टी उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिली.

"खरी भेग पाझरत राहते गं. रेघ तासाभरात जाड होते. ही वाढत नाही."

मी डबे आवरायला लागले.

"मघाशी त्याने भंगारातून ती भेग न दिसलेली जुनी पट्टी मागून नेली. मला वाटलं, आठवण म्हणून नेत असेल."

माझं धाबं दणाणलं. मी आत्याच्या हातातली पट्टी घेतली आणि धावत सुटले. धक्का कधी एवढा लांब वाटला नव्हता. त्या जुन्या पट्टीवर खड्डे होते. आज भेग नव्हती, पण दहाव्या दिवशी, हजाराव्या लाटेला...

तो शेवटचा नट आवळत होता.

"काढा ती! आधी काढा!"

"इतकी वर्षं टिकली, अजून एक महिना—"

"नवी चांगली आहे. रेघ मी काढली. कुंचल्याने."

पाना त्याच्या हातातच राहिला. "का?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून. मला तुम्ही हवे आहात. आणि मी... मी तुम्हाला मारणार होते." मला रडू आवरेना.

तो चिडला. चिडायलाच हवं होतं. त्याने पाना डेकवर आपटला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मग हळूच म्हणाला, "मी रोज यायचो ना, तेव्हा मनात म्हणायचो, हिला एखादी भेग सापडू दे. मलाही भीती वाटते. पण नाही गेलो तर आयुष्यभर कपाटातच अडकून राहीन."

"मग जा," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून काढताना जीव निघाला. "पट्टी उत्तम आहे. शपथेवर सांगते."

"आता विश्वास ठेवू?"

"नको. समोर परत तपासते."

तपासली. तासभर आम्ही दोघं त्या पांढऱ्या पट्टीकडे टक लावून बसलो होतो. लाल काही उमटलं नाही. माझा हात मात्र त्याच्या हातात होता.

चौथ्या दिवशी शीड भिंतीपलीकडे दिसेनासं झालं. त्यानंतर सदतीस दिवस ना फोन, ना निरोप. वारा वाढला की मी उठून बसायची. "काळजी करून वारा वळत नाही," आत्या म्हणायची, पण तीही रेडिओ बंद करत नव्हती. त्या तासात आमच्या नजरेतून काही सुटलं तर नाही ना, हाच विचार.

अडतिसाव्या दिवशी फोन वाजला. दूरचा, खरखरता आवाज.

"सहाही पट्ट्या शाबूत आहेत."

"आणि तू?"

"पोचलो. ऐक... बोट परत आणायचीय. एकट्याने नाही जमणार. येशील?"

"मला फार भीती वाटते रे."

"मलाही."

"ठीक आहे," मी डोळे पुसत म्हणाले, "येते. पण मी पोचेपर्यंत पट्ट्या घासू नकोस."