पुसलेली तीट

ही घटना खरी आहे. पटवून घ्याच असा माझा आग्रह नाही, पण यातले आकडे मी स्वतः तपासलेत.

१४ मे २०२४. मंगळवार. दुपारचे अडीच. गारखेडा परिसरातला एक फ्लॅट, दुसरा मजला.

माझी मावसबहीण तनुजा घरात एकटीच होती. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली ही पोरगी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच जुने चित्रपट साफ करायचं काम करते. रिळावरचे ओरखडे, धूळ, बुरशी... सॉफ्टवेअर काढतं, ती तपासते.

त्या आठवड्यात तिच्याकडे सत्तरच्या दशकातला एक मराठी कार्टूनपट होता. तो घरी बघायच्या डिस्कवर यायचा होता.

त्यातल्या एका सीनमध्ये पाळणा होता. पाळण्यात तान्हं बाळ. मागे उघडं, रिकामं दार. नऊ सेकंद. दोनशे सोळा फ्रेम.

बाळाच्या गालावर काजळाची तीट होती.

सॉफ्टवेअरला ती धूळ वाटली. पुसून टाकली.

तनुजाने शनिवारी बसून दोनशे सोळाच्या दोनशे सोळा फ्रेमवर हाताने तीट परत लावली. फाईल बनवली. उघडली...

गाल कोरा.

रविवारी फिल्टर बंद करून सगळं पुन्हा केलं. कोरा. सोमवारी सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं आणि मंगळवारी दुपारपर्यंत पुन्हा तेच. कोरा! मान मोडून आली होती आणि हाती शून्य.

आणि दारात काहीतरी होतं.

उंबऱ्याशी एक करडा पट्टा. तिने मोजला. पहिल्या फाईलमध्ये चाळीस पिक्सेल रुंद. दुसऱ्या फाईलमध्ये सत्तर. तिसऱ्या फाईलमध्ये एकशे दहा...

आता त्याला खांदे होते.

तिने कंपनीतल्या वरिष्ठाला, सार्थकला, फोन लावला.

"अगं, त्याला घोस्टिंग म्हणतात," तो म्हणाला. "दोन फ्रेम मिसळताना शेजारच्या फ्रेमची सावली उतरते. एम.एस्सी.ला झोपा काढल्या का?"

"सर, शेजारच्या फ्रेममध्ये जे असतं त्याचीच सावली उतरते. तिथे दार रिकामं आहे."

"मग पुस ना."

"तीट लावतेय तर ती पुसली जातेय. हे पुसतेय तर ते वाढतंय!"

"दृष्ट लागली असेल," सार्थक हसला. "गुरुवारी फाईल पाहिजे. क्लीन."

तिने फोन आपटला.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला. कंप्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला.

शांतता...

कुई... कुई...

पाळण्याच्या कडीचा आवाज.

त्या फाईलमध्ये फक्त चित्र होतं. आवाजाचं काम दुसरीकडे चाललं होतं. तनुजाने स्पीकरची वायर उपसली.

कुई... कुई...

सीन थांबवला. आवाज थांबला.

सुरू केला. आवाज सुरू.

पाच वेळा करून पाहिलं तिने. पाचही वेळा तसंच.

चित्रपटाच्या नामावळीत रंगकामाला एक नाव होतं. रत्नमाला, पैठण. पैठण आमचं आजोळ, त्यामुळे मामाने तासाभरात नंबर मिळवून दिला. बाई ऐंशीच्या पुढे, डोळे गेलेले, पण कान तिखट.

तनुजाने फोनवर सीन सांगताच त्यांनी विचारलं, "तीट कुणी पुसली गं?"

"मशीनने, आजी. धूळ समजून."

"आमच्या सायबानं बी पुसाया लावली व्हती. डाग दिसतोय म्हणं. एकशेआठ चित्रं व्हती. एकेक दोनदा शूट करायचे. एकेकावर काडीनं टिपका लावला म्या. माळ जपल्यागत. उगंच नाय लावला."

"मग कशासाठी?"

"तीटंबिगर एकदा शूट केलं व्हतं..."

रत्नमालाबाईंनी आवाज खाली आणला.

"ते रीळ सायबानं सोताच्या हातानं जाळलं."

"त्यात काय होतं, आजी?"

"लेकराला उघडं पाडू नको, बाई. एवढं कर."

तनुजाने शब्द दिला.

बुधवारी तिने सॉफ्टवेअरला हातच लावला नाही. मूळ स्कॅनमधल्या दोनशे सोळा फ्रेम सुट्या काढल्या, ओरखडे हाताने पुसले, एकेक फ्रेम दोनदा तपासली. तीट जागेवर. दार रिकामं. हार्डडिस्क रात्रीच्या बसने पुण्याला पाठवली.

"मिळाली," सार्थकचा मेसेज आला. एवढाच.

ऑगस्टमध्ये डिस्क हातात आली. तनुजाने तो सीन लावला...

गाल कोरा नव्हता.

गालच नव्हता.

पाळणा हलत होता. रिकामा.

दारातही कुणी नव्हतं.

"तुम्ही माझ्या फ्रेम वापरल्याच नाहीत!" ती फोनवर ओरडली.

"अगं, गालावर डाग दिसत होता. हार्डडिस्कवर तुझी आधीची सॉफ्टवेअरवाली फाईल होती, तीच घेतली. किती स्वच्छ आलाय सीन!"

"बाळ कुठंय, सर?"

"कसलं बाळ? पाळण्याचाच सीन आहे ना तो?"

तिने सगळे स्कॅन पाठवले. मोजमापं पाठवली. चार मेल केले. उत्तर एकच... डिस्क विकायला गेल्यात, आता काही होणार नाही.

त्याच आठवड्यात पैठणहून फोन आला.

"लावलीस ना गं तीट?"

आंधळ्या म्हातारीला काय सांगायचं?

"हो आजी. लावली."



"मग तुज्यापाशी कुणाचं लेकरू रडतंय?"

तनुजा घरात एकटी होती. खिडक्या बंद. टीव्ही बंद.

तेव्हापासून पैठणचा फोन आला की ती जिना उतरून थेट रस्त्यावर जाते. तिथे रिक्षांच्या गोंगाटात बोलते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. न राहवून विचारलं, "तुला ऐकू येतं का गं ते?"

"मला कधीच नाही आलं," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला येतंय?"

मी चपला घातल्या आणि जिना उतरून थेट रस्त्यावर गेलो.