चार बोटं काच

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला वेड्यात काढू नका. त्या संध्याकाळी स्टिअरिंगवर मीच होते.

आमच्या दादाची ड्रायव्हिंग स्कूल होती. क्लच-ब्रेक नंतर. आधी पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, तो धडा.

गाडी कडेला घ्यायची. आतला दिवा लावायचा. काच चार बोटं उघडी, जास्त नाही. हात स्टिअरिंगवर. खिशात हात घालण्याआधी तोंडाने सांगायचं.

"का अडवलं, हे विचारायचा हक्क आहे आपला," दादा म्हणायचा. "पण आवाज चढवायचा नाही."

"गाडी शिकवतोयस की वकिली?" मी चिडवायचे.

एवढं सगळं पाळूनही दादा पोलिसाच्याच गोळीने गेला.

"साहेब, कागद काढतोय," म्हणाला आणि हात हलवला. त्याच्या फोनमध्ये हे रेकॉर्ड झालंय. एक गोळी गळ्यात. दुसरी आतल्या दिव्यात.

'हत्यार काढतोय असं वाटलं,' म्हणून तो मिशीवाला पोलीस सुटला. असा संताप आला होता!

वहिनी मात्र खमकी. तिने केस पुन्हा उभी केली. तीच गाडी धुऊन रस्त्यावर काढली आणि मलाही शिकवायला घेतलं. फुटलेला बल्ब तिने बदलला नाही. तिथे नुसतं रिकामं होल्डर होतं.

त्या दिवशी माझ्या बाजूच्या काचेचं हँडलही नव्हतं. सकाळीच एका शिकाऊने तोडलं होतं. काच पूर्ण खाली गेलेली.

"चल गं, जवळच तर जायचंय," वहिनी म्हणाली.

दिवेलागणीची वेळ. गोदामांच्या मागचा रस्ता. कुत्रंसुद्धा नव्हतं.

मागून लाल-निळा दिवा आला...

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, हात स्टिअरिंगवर ठेवले.

बुटांचा आवाज जवळ आला. खिडकीत मिशी दिसली.

तोच.

"काय कारण साहेब?" मी विचारलं.

उत्तर म्हणून काठी आली. सरळ तोंडावर. नाकातून रक्ताची धार लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"तुला नाही विचारत," तो म्हणाला. "हिला विचारतोय. केस मागे घेतेस की नवऱ्याकडे जातेस?"

वहिनीचे हात मांडीवर होते. ती हललीसुद्धा नाही.

"नाही घेत," ती म्हणाली.

त्याने पिस्तूल काढलं. माझ्या छातीवरून हात आत घातला, पार खांद्यापर्यंत. नळी वहिनीच्या कपाळाला टेकली.

मला ओरडायचं होतं. हात मात्र स्टिअरिंगवरच राहिले.

आणि...

आतला दिवा लागला.

बल्ब नव्हता हो! रिकाम्या होल्डरमधून पिवळा उजेड पडला होता.

मग दारातून आवाज आला. कर्र... कर्र... कोणीतरी सावकाश हँडल फिरवत होतं. हँडल तर डिकीत पडलेलं.

काच वर येऊ लागली.

त्याने हात मागे ओढला, पण कोपर अडकलं. काच थांबली नाही. कोपराखालचं हाड वाळक्या फांदीसारखं मोडलं. गोळी सुटली, छतातून गेली. पिस्तूल माझ्या पायाशी पडलं.

कर्र... कर्र...

कातडी फाटली. रक्त काचेवरून माझ्या मांडीवर ओघळलं. तो गुरासारखा ओरडत होता, पण आमच्याकडे बघत नव्हता.

तो बघत होता मागच्या सीटकडे.

"साहेब," तो म्हणत होता. "साहेब, सोडा..."

मागे वळायची माझी छाती झाली नाही.

"अहो, पुरे," वहिनी हळूच म्हणाली.

कर्र...

"अहो, ऐका ना माझं! पुरे!"

कर्र... कर्र...

ती रडू लागली. मग एक ओला आवाज झाला, आणि तो मागे रस्त्यावर कोसळला. त्याचा हात माझ्या मांडीवर राहिला.

काच पार वर टेकली, मग थोडी खाली येऊन थांबली. वर चार बोटं जागा होती.

आम्हीच फोन करून मदत बोलावली. तो जगला. चौकशीवाल्यांनी दार उघडून पाहिलं. काच वर ओढणारी आतली तारही तुटलेली होती. काच वर कशी गेली, कोणालाच सांगता आलं नाही.

लोक म्हणतात, भावाने वाचवलं, नशीबवान आहात. बरोबर आहे. मग मला झोप का येत नाही?

आमचा दादा मांजर आडवी गेली तरी ब्रेक मारायचा. वहिनीचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

त्या दिवशी ती रडत होती, तरी तो थांबला नाही.

नवीन हँडल बसवलंय, बल्ब अजून नाही. गाडी अजून शिकवणीला जाते. परवा वहिनीचे वडील तिची विसरलेली पर्स द्यायला धावत आले. बिचाऱ्यांनी खिडकीतून हात आत घातला...

आणि आतला दिवा लागला.