रायफलीचा नवा दात

"माणसाचा असता तर हा दात कधीच काढून टाकला असता!"

माझे यजमान, वैजनाथ, माझ्या कानाशी पुटपुटत होते.

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मागच्या वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. गारखेड्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत.

तिथं आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान आहे. परवाना यांचा, डोळे माझे. यांना नीट दिसेनासं झालं, तसं बारीक काम मी बघून बघून शिकले.

रायफल शिकारीची, जुनी. दर गोळीला बोल्ट हातानं मागंपुढं करायचा, तसली. चाप ओढेपर्यंत आतली सुई अडवून धरणारा लोखंडी दात झिजला होता. बोल्ट जोरात लावला, की चापाला हात न लावताच...

खट्ट.

ती आणली होती देवगाव रंगारीच्या काकासाहेबांनी. उद्या पूजेत मांडायची म्हणून घाई. सोबत त्यांची धाकटी भावजय, आशाबाई. तिचा नवरा सर्जेराव सहा वर्षांपूर्वी याच रायफलीनं गेला. तेव्हापासून रायफल पोलिसांकडं जमा होती, नुकतीच सुटली होती.

कागदावर 'साफ करताना अपघात'.

गावात मात्र वेगळंच. बायकोच्या कटकटीला कंटाळून त्यानं स्वतःवर झाडून घेतली, म्हणे.

हे ऐकत आशाबाई त्याच घरात भाकरी थापत होती. सहा वर्षं.

मी नवा दात बसवला. बोल्ट वीस वेळा आपटून बघितला. सुई जागची हलली नाही.

"घ्या, बघा," मी म्हटलं.

काकासाहेबांनी बोल्ट लावला.

खट्ट...

"काय वो वैजनाथराव! बाईमाणसाच्या हातात काम दिलं की असंच व्हतंय."

"बाईमाणसानं तुमच्याआधी वीस वेळा आपटलाय," मी म्हटलं.

यांनी रायफल घेतली. बोल्ट आपटला. दात धरून राहिला.

परत काकासाहेबांकडं दिली.

खट्ट...

बाहेर झेंडूवाल्याचा भोंगा चालू होता. तो कधी बंद पडला, कळलंच नाही. खोलीत वास यायला लागला... फटाका उडाल्यावर येतो, तसा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बंदूक रिकामी आहे हे आधी डोळ्यांनी बघायचं, मग नळीच्या मागच्या तोंडात करंगळी घालून. सकाळी मी दोन्ही केलं होतं. नळी पुसून लख्ख ठेवली होती. दुकानात गोळी एकही नव्हती.

तरी यांनी करंगळी घातली.

बाहेर काढली...

काळीकुट्ट.

"गरम आहे गं," हे हळूच म्हणाले.

काकासाहेब एक पाऊल मागं सरले. त्यांनी आशाबाईकडं बोट केलं. "हिला द्या! हिच्याच पायगुणानं गेला त्यो. बघू तर, हिच्या हातात कशी ऱ्हाती."

आशाबाई उठली. पदर खोचला. बोल्ट ओढला, आपटला.

एकदा. दोनदा. पाच वेळा.

सुई सुटली नाही.

तिनं रायफल काकासाहेबांपुढं धरली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले... लहान मूल नेतं ना, तसे.

नंतर मी ती रायफल चार वेळा खोलली. दात धड होता. यांची करंगळी मात्र आठवडाभर साबणानं घासूनही पुरती उजळली नाही. आजही कुणी गिऱ्हाईक बोल्टला हात घालतं, तेव्हा मी बंदुकीकडं बघत नाही. त्याच्या हाताकडं बघते.

त्या दुपारी मात्र आशाबाईचा हात तसाच पुढं होता.

"घ्या की, दादा," ती म्हणाली. आवाज लई शांत. "त्या दिवशी घेतली व्हती तशीच घ्या. मी चुलीपासनं बघत व्हते. बोल्ट तुम्ही लावला. आमच्या ह्यांच्या हातात रायफल ठिवली ती गोळी सुटल्यावर."