डोंगराचं गुळगुळीत चित्र

डोंगराचा फोटो पापणी लवायच्या आत उघडला आणि भालचंद्र लोहार सवयीने खूश झाला. ड्रोनने काढलेले साडेचार हजार फोटो जोडून केलेलं हे एकच चित्र होतं. जवळ जावं तसं दगडाआडचं गवतही दिसावं, इतकं मोठं. जुना संगणक ते उघडायला चाळीस मिनिटं घ्यायचा, कारण तो बिचारा चित्रातला प्रत्येक ठिपका आपल्या रॅममध्ये धरून ठेवायचा. नव्या यंत्राला तेवढी रॅम लागतच नव्हती. त्यात ‘अंदाजी स्मृती’ होती. चित्राचा थोडा भाग ती लक्षात ठेवायची आणि उरलेला, वापरणाऱ्याचा हात, म्हणजे कामाची सवय, ओळखून, ऐन वेळी स्वतः रेखाटायची.

"काका, कारळवाडीचं काय?" इंदुमती साव्यांनी दारातूनच विचारलं. डोंगर-पाहणी कक्षातल्या त्या भूवैज्ञानिक; भालचंद्र तिथेच फोटो जोडायचं काम करायचा. दरड कोसळेल या भीतीने कारळवाडीची चाळीस कुटुंबं अकरा दिवस शाळेत मुक्कामाला होती. डोंगराला भेग नाही, अशी सही इंदुमतींनी संध्याकाळी पाचपर्यंत केली की माणसं घरी जाणार होती.

"स्वच्छ आहे मॅडम. एक ओरखडा नाही."

त्यांनी पेन काढलं, तेवढ्यात भालचंद्रचा फोन वाजला. त्याची थोरली बहीण कारळवाडीतच दिलेली. भालचंद्रने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"भाल्या, मी सकाळी चोरून गोठ्यात वैरण टाकाय गेले हुते. वरच्या बांधाला पाय आत जाईल एवढी चीर पडलीया. तुमच्या फोटूत दिसती का न्हाई?"

"अक्का, तू आधी शाळेत जा. आणि परत गोठ्याकडं जाऊ नको."

त्याने बांध मोठा करून पाहिला. आणखी मोठा केला. माती अशी सपाट, की जणू नुकतीच इस्त्री फिरवली.

"मूळ फाइल जुन्यावर उघडा," इंदुमती म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या संगणकावरचं कापड काढलं. तो घरघरत सुरू झाला. एक टक्का. दोन टक्के. भालचंद्र खुर्चीवर बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा उठला. इंदुमती पेनाचं टोपण काढत-लावत होत्या. अकरा टक्क्यांवर त्याच्याने राहवलं नाही.

"मॅडम, हे यंत्र घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. दोन यंत्रं चाचणीला आली होती. एकात भरपूर रॅम, दुसरं हे. मी परीक्षा घेतली ती लग्नाच्या ग्रुप फोटोवर. साडेचारशे वऱ्हाडी, एकेकाचा चेहरा असा उमटला की बघत राहावं."

"डोंगरावर नाही घेतली?"

"बावीस वर्षं कराडच्या स्टुडिओत चेहरेच साफ केले मी. डोंगर कुठे होते माझ्याकडे? विक्रेता म्हणाला, तुमचं जुनं काम दाखवा, हात लवकर शिकेल. मी सगळे अल्बम घातले." तो थांबला. "नवरीच्या कपाळावरचा व्रण, सासूच्या सुरकुत्या, सगळं पुसायचं. मला वाटायचं, चांगलं काम करतो आपण."

इंदुमतींनी पडद्यावरचे टक्के पाहिले.

शेवटी चित्र उघडलं. बांधाच्या वरून, काजूच्या झाडांमधून, थेट कड्यापर्यंत काळी रेघ गेली होती. मध्ये दोन ठिकाणी ती फाटून रुंद झाली होती. यंत्राने ती इमानाने पुसली होती, अगदी भालचंद्रच्या हाताने.

इंदुमतींनी शाळेत फोन लावून सांगितलं की कोणीही घरी जायचं नाही. भालचंद्रला रडावंसं वाटलं, अक्का वाचली म्हणून. मग त्याची नजर भिंतीवरच्या यादीकडे गेली. तीन महिन्यांत त्याने ‘स्वच्छ’ म्हणून दिलेले एकोणीस डोंगर. त्यांच्या खालची माणसं केव्हाच घरी परतली होती, चुली पेटल्या होत्या.

"फोन मी सगळीकडे करते," इंदुमती म्हणाल्या, "पण भेग डोळ्यांनी दाखवल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा घर सोडणार नाही."

जुना संगणक एकच होता. एका डोंगराला चाळीस मिनिटं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. भालचंद्रने यादीवर बोट ठेवलं, उचललं, दुसरीकडे ठेवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "आधी कोणतं गाव उघडू?"