लिंबू चुकवणारं चाक

"पोरगी वाढत्या अंगाची हाय महादेवराव, मोठीच घ्या!" रविराजअण्णांनी लाल मोटारसायकलच्या सीटवर थाप मारली. "आज पाय न्हाय पोचत, फुडं पोचतील!"

नीलमची कानशिलं तापली. गणवेश घ्यायला आलोय का आपण? दरवर्षी तिचा गणवेश असाच घेतला जाई, चार बोटं सैल. पण सैल बाहीतून कोणी खाली पडत नाही. गाडीवरून पडतात!

"अण्णा, प्रियाताई म्हणाल्यात की..."

"तुला कुठली आवडली रं?" अण्णांनी मधेच विचारलं. तेही समर्थला!

समर्थ नीलमच्या काकांचा मुलगा. उतार लागला की सायकलवरून उतरून चालणारा. तो गडबडला. "मला न्हाय हो, आक्काला घ्यायचीय. मी भजी खायला आलोय."

अण्णा हसले. बाबाही हसले. नीलम हसली नाही.

दसऱ्याची सुट्टी लागली होती. खानापूरच्या बाजूला एका कुंपण घातलेल्या मैदानावर प्रियाताई मुलांना माती-खडकांवरची गाडी शिकवत. दसरा झाला की नवा वर्ग सुरू होणार होता, आणि त्यात नीलमचं नाव होतं. गाडी मात्र ज्याची त्याने आणायची. रस्त्यावर चालवायची नाही, फक्त मैदानात, हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड घालून, अशी बाबांची अट होती. प्रियाताईंनी नीलमला बजावलं होतं, "दोन्ही पाय जमिनीवर टेकले पायजेत. इंजिन लहान पायजे. आणि पडलेली गाडी तुझी तुला उचलता आली पायजे. न्हायतर ती गाडी तुझी न्हवं."

आज सकाळी उचगावहून निघतानाच बाबांनी सांगून टाकलं होतं, "ही शेवटची खेप. आज खंडेनवमी, मुहूर्त बरा हाय. आज जमलं तर जमलं. न्हाय जमलं, तर गाडीचं नाव घरात काढायचं न्हाय!"

म्हणून ते शहरात, खासबागेत रविराजअण्णांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात आले होते. बाबा नोकरी करत शहरातल्या कचेरीत, शेती गावाकडे. गाडीतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. पण कळत नाही हे कबूल करायची लाज वाटे. म्हणून अण्णा काहीही म्हणाले की ते मान डोलवत. "व्हय, व्हय."

आवारात नवमीची धांदल होती. गाड्या धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून रांगेत उभ्या होत्या. बाकावर मारुतीराव नावाचे एक पैलवानी मिशांचे गृहस्थ कधीचे ताटकळत बसले होते. मुलगी मोठी झाली, म्हणून तिची बुटकी हिरवी गाडी ते विकायला घेऊन आले होते. अण्णांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"ते खेळणं हाय, मारुतीराव! कोण घेनार?"

नीलम मात्र मघापासून त्या हिरव्या गाडीकडेच बघत होती.

"चला, लिंबू फोडू, विसाराचे पैसे द्या आणि गाडी घिऊन जावा!" अण्णांनी घाई केली. लाल गाडीपुढच्या फरशीवर कुंकवाच्या पाण्याचा सडा पडला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णांनी गाडी ढकलली, अगदी नाकासमोर सरळ.

फच्! पुढच्या चाकाखाली लिंबू फुटलं.

"अगं, ते बघ!" श्रेयांस कुजबुजला. श्रेयांस समर्थचा मित्र, निपाणीचा. सुट्टीत उचगावला राहायला आलेला. "मागचं चाक लिंबावर चढलंच न्हाय. बाजूनं गेलं!"

नीलमने खाली पाहिलं. फरशीवर चाकांचे दोन लाल पट्टे उमटले होते. गाडी सरळ ढकलली, तर मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जायला हवं. इथे एक पट्टा दुसऱ्याच्या शेजारून चालला होता!

तेवढ्यात अण्णांनी बादली उचलली आणि भसकन पाणी ओतलं. पट्टे वाहून गेले.

"पूजेचं कुंकू असं धुत्यात व्हय?" समर्थ म्हणाला.

"पाय घसरतंय रं," अण्णा म्हणाले. "या महादेवराव, च्या घेऊ!"

दोघे आत गेले. तिघे गाडीभोवती जमले.

"सुतळी आण," श्रेयांस म्हणाला. "आमच्यात तंबाखूची रोपं लावताना दोरी ताणून धरत्यात. वाकडी ओळ लगेच कळती."

समर्थने हारांच्या ढिगातून सुतळी ओढून आणली. आपण लई मोठे गुप्तहेर आहोत असं वाटून तो उगाच रांगत गेला आणि शेणात हात घालून बसला. "गप रं!" नीलमने दटावलं. मागच्या चाकाला टेकवून त्यांनी सुतळी पुढच्या चाकापर्यंत ताणली. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. एकीकडे मोठी फट राहिली. दुसरीकडे सुतळी टायरवर घासली.

"शेजारची बघू." शेजारच्या गाडीला दोन्हीकडे सारखीच फट!

नीलमने गुडघे टेकून टाकीच्या खाली नजर घातली. सांगाड्यावर ज्वाळेचं एक मोठं स्टिकर होतं. तिने नखाने कड उचलली. खाली वेल्डिंगचा ओबडधोबड गड्डा, वर ताजा रंग.

सांगाडा मोडलेला! जोडून, रंगवून, हार घालून उभा केलेला! उडी मारून खाली येताना हे तुटलं असतं तर?

आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला. आपण बोललो तर व्यवहार मोडणार. मग विषय बंद. वर्ग बंद. प्रियाताई बंद.

"आक्का, गप बसलं तर गाडी मिळती," समर्थ हळूच म्हणाला.

"असली गाडी नको मला!" ती उठली.

बाबा आणि अण्णा बाहेर येत होते. बाबांचा हात खिशाकडे गेला.

"बाबा, थांबा! अण्णा, ही गाडी एकदा चालवून दाखवा. त्या कोपऱ्यापर्यंत जोरात जायचं आणि परत यायचं. बास."

"आज?" अण्णांनी कानाला हात लावला. "आज नवमी, पोरी. पुजलेली गाडी आज चालवत न्हाईत. औजारं आज इसावा घेत्यात!"

"मग आमी ही आजच घरी कशी न्यायची?" नीलम कडाडली. "डोक्यावर घिऊन?"

बाकावरचे मारुतीराव खदखदून हसले. अण्णांचा चेहरा उतरला. "ती... म्हंजे... टेम्पोतनं..."

"तुमी बसत न्हाई, कारण तुमाला म्हाईत हाय!" तिने स्टिकर ओढून काढलं. "हे बघा बाबा! आणि श्रेयांस, सुतळी ताण!"

श्रेयांसने सुतळी ताणली. बाबा वाकले. एका बाजूला वाकले, दुसऱ्या बाजूला वाकले. उठले तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती.

"चेन जरा सैल हाय, बाकी..." अण्णा पुटपुटले.

"चेन?" बाबा ओरडले. असं ओरडलेलं नीलमने त्यांना कधी ऐकलंच नव्हतं! "माझ्या लेकीला मोडक्या हाडाची गाडी देतोस, आणि वर कुंकू लावतोस? देवाच्या हाराआड लपवतोस? लाज न्हाय वाटत?"

गिऱ्हाइकं गोळा झाली. ज्यांनी विसार दिला होता त्यांनी तिथल्या तिथे परत मागितला आणि आपापल्या गाडीखाली वाकून बघायला सुरुवात केली. समर्थ प्रत्येकाला ऐटीत सुतळी पुरवत होता. अण्णा कुणाकुणाला उत्तर देणार!

बाबा पाठ फिरवून निघाले. "चल नीलम. विषय बंद."

"बाबा!" तिचा आवाज फुटला. "चूक गाडीची न्हाय, निवडीची हाय! तुमी अण्णांना इचारलं, समर्थला इचारलं. मला एकदा तरी इचारलं का?"

बाबा मागे फिरले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला गाडीतलं कळत न्हाय, बाळ. तू सांग."

नीलम थेट हिरव्या गाडीकडे गेली. बसली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, टाचांसकट! उतरून तिने गाडी आडवी पाडली.

"अगं अगं!" मारुतीराव धावले.

"थांबा काका, हात लावू नका!" पाठ टेकवून, पाय रोवून तिने गाडी उचलली. चेहरा लालबुंद झाला, पण गाडी उभी राहिली. मग सुतळी. दोन्हीकडे सारखी फट. शेवटी समर्थने कुठूनसं लिंबू आणि कुंकवाचं पाणी पैदा केलं. पुढचं चाक त्यावरून गेलं, आणि त्याच्यामागून मागचं चाकही. फरशीवर पट्टा एकच!

मारुतीरावांच्या मिशा फुलल्या. "माझ्या लेकीची गाडी चांगल्या हातात चालली. पोरांनो, आज तुमी कुणाचातरी जीव वाचवलाय!"

"शाब्बास!" बाबा म्हणाले. विसार घेऊन मारुतीरावांनी दिलेली चावी हातात घोळवत त्यांनी सवयीने ती समर्थपुढे धरली.

समर्थने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मी भजी खायला आलोय!"

आता मात्र नीलम हसली. तिने हात पुढे केला.

"शाब्बासकी राहू द्या बाबा. चावी इकडं द्या."