हुडाकांची चादर

ग्लेनरोकमध्ये बाईची पत तिच्या कपडे वाळवायच्या दोरीवरून ठरते. मनॉन्गहेला नदीच्या दोन्ही काठांना कोळसा भाजायच्या भट्ट्या. वारा इकडे फिरला की इकडच्या बायका धावत सुटतात, तिकडे फिरला की तिकडच्या. नवरा कसाही चालतो, चादर पांढरीच लागते. त्यामुळे मे महिन्यात टेसा नावाची एक चित्रकार दारोदार फिरून, "एक पांढरी चादर द्या, उन्हाळाभर बाहेर टांगा आणि कृपा करून धुऊ नका," असं सांगू लागली, तेव्हा पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय याबद्दल गावात दुमत नव्हतं.

"न धुता?" शेजारच्या थेल्माने कुंपणावरून विचारलं. "अगं रोझली, यात कला कसली? माझा जावई जन्मभर तेच करतोय."

"हवा आपल्यावर काय लिहिते ते दाखवायचंय म्हणे तिला."

"लिहू दे की. पण अक्षर घाणेरडं आहे गं तिचं."

रोझली हुडाक हसली, पण तिने चादर दिली. आत सोफ्यावर तिचा नवरा एमिल खोकत होता, आणि त्याच्या छातीत काय साचलंय ते कुणीतरी एकदा चारचौघांत टांगून दाखवावं असं तिला वाटत होतं. एमिलची उमेदीची वर्षं भट्टीच्या माथ्यावर काम करण्यात गेली होती. आता नाकात प्राणवायूची नळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोरं सोडा, ॲरिझोनाला मुलीकडे जा, नाहीतर हा हिवाळा निघणं कठीण आहे. त्यावर एमिलचं उत्तर ठरलेलं : "तिथल्या हवेला चव नाही." त्याच्या खोकल्याला ठेका होता. दोन लहान, एक लांब, शेवटी बारीक शिट्टी. शिट्टीला उशीर झाला की रोझलीच्या हातातलं फडकं जागीच थांबे.

सप्टेंबरअखेर सगळ्या चादरी चर्चच्या जुन्या सभागृहात लागल्या. जमलेल्या काजळीवर नवी काजळी बसू नये म्हणून टेसाने खिडक्यांच्या फटींवर पट्ट्या चिकटवल्या होत्या. रविवारी उद्‌घाटन. सभागृहाची झाडलोट रोझलीकडे असल्यामुळे किल्ली तिच्याकडेच होती. शनिवारी सकाळी ती झाडू घेऊन गेली आणि दारातच खिळली. सगळ्यांत काळी चादर तिची होती. खाली, दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरांत : हुडाक.

कला वगैरे तिला कळत होती. पण उद्या थेल्मा हे बघणार होती.

तिने चादर काढली, घरी आणली, गरम पाण्यात भिजवली, घासली. काळं पाणी खाली जाईना. मोरीच्या तोंडाशी ते बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग एका दमात, ओढून घेतल्यासारखं गेलं.

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतला खोकला थांबला.

ती ओल्या हातांनी धावली. एमिल उभा होता. नळी सोफ्यावर पडली होती आणि तो बूट शोधत होता.

"भूक लागलीय," तो म्हणाला. "पिरोगी उरलेत का कालचे?"

रोझली रडली, पिरोगी तळले, चादरीला नीळ दिली, इस्त्री केली आणि संध्याकाळच्या आत जागेवर टांगून आली.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव सभागृहात लोटलं. करड्या चादरींच्या रांगेत एकच लखलखीत. थेल्मा म्हणाली, "ही बया काही सुधारायची नाही."

टेसा मात्र चादरीच्या जवळ जाऊन बघत होती. "मिसेस हुडाक, तुम्ही धुतलीत?"

"थोडीशी."

"मग हे काय आहे?"

माणसाच्या तोंडाच्या उंचीवर तळहाताएवढा करडा डाग होता. ओला.

खिडक्या बंद होत्या. बाकीच्या चादरी निश्चल. ही मात्र फुगली. बसली. पुन्हा फुगली.

मग कुणीतरी खोकलं. दोन लहान, एक लांब.

"एमिल, तोंडावर हात ठेव रे," थेल्मा मागे न वळता म्हणाली.

एमिल शेजारीच उभा होता. तोंड अक्रोडाच्या रोलने गच्च भरलेलं.

"मी कुठे?" त्याने घास गिळून विचारलं.

चादरीतून शिट्टी आली.

टेसाचा चेहरा उतरला होता. "एका संग्रहालयाला सगळ्या चादरी हव्या आहेत," ती हळूच म्हणाली. "ही मी देत नाही. तुम्ही घरी न्या."

रोझलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताठ उभा होता. गालांवर रंग होता.

"नको," ती म्हणाली. "घेऊन जा. जितकी लांब जाईल तितकं बरं."

चादर गेली. एमिल जिने चढू लागला, शिट्ट्या मारू लागला, छतावर जाऊन पन्हाळ साफ करू लागला. डॉक्टरांनी श्वास मोजायचं यंत्र दोनदा लावून पाहिलं आणि यंत्र दुरुस्तीला पाठवलं.

डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली. सकाळी गल्लीत सगळे बर्फ उपसत होते. एमिलने काहीतरी चावट सांगितलं आणि थेल्मा खिदळली, तिच्या तोंडून वाफेचा भपकारा निघाला. पोस्टमनच्याही. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्याही.

एमिल सगळ्यांत मोठ्याने हसत होता. त्याच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती, वाफेचा मागमूस नव्हता.

रोझलीने फावडं ठेवलं. ती जाऊन त्याला अगदी खेटून उभी राहिली, गाल त्याच्या गालाजवळ नेला, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत मोठमोठ्याने श्वास सोडू लागली, दोघांना पुरेल इतका.