रेंगाळ

मोरेश्वर वालावलकरांनी वाटाड्याचं बटण दाबलं आणि पडद्यावर आणखी एका जुन्या पुलाची माहिती उघडली. पूल देखणा होता, पण त्यांना हवी होती त्यांची मुलगी.

संकेतस्थळांचं इतकं रान माजलं होतं, की पत्ता टाइप करणं किंवा नावाने शोधणं केव्हाच मागे पडलं होतं. ब्राउझरमध्ये वाटाड्या तेवढा उरला होता. बटण दाबलं की तो तुमच्याजोगं नवं स्थळ शोधून आणी आणि तुमचं मन उडालं की आपणहून पुढचं उघडी. मागे फिरायची सोय त्यात नव्हती. मागे फिरणाऱ्याला नवं काय सापडणार, असं तो घडवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

ऋता इंजिनिअरिंग अर्धवट सोडून कळसूत्री बाहुल्या करायला निघाली, तेव्हा तंत्रनिकेतनात जन्मभर यंत्रांची आरेखनं शिकवलेल्या वालावलकरांनी तिला नाही नाही ते सुनावलं होतं. ती गेली ती गेलीच. फोन नंबरही बदलला. तिची आई वारली तेव्हा तिला कळवतासुद्धा आलं नाही, आणि हे वालावलकरांना आतून खात होतं. आता तिच्या एका मैत्रिणीकडून कळलं, की टोपणनावाने तिचं एक संकेतस्थळ आहे. नाव मात्र मैत्रिणीलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी ते वाटाड्या घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. निलोफर मुजावर, यांच्याकडे कोल्हापूरला गेले.

“तुमचा वाटाड्या तिला माझ्यापासून लपवतोय.”

“तो लपवत नाही, सर. तो रेंगाळ मोजतो.” मन एखाद्या पानावर किती गुंतलं, त्याचं माप म्हणजे रेंगाळ. समोरचा कॅमेरा बुबुळं आणि पापण्या टिपतो, त्यावरून ती काढतात, हे बाईंनी समजावून सांगितलं. मग विचारलं, “बाहुल्यांची पानं पूर्वी येत असतील ना तुमच्याकडे?”

“यायची. नुसती दिसली तरी माझं डोकं फिरायचं. झटकून टाकायचो.”

“मग तो त्यातून शिकला.”

“आता आली तर डोळे लावून बसेन की.”

“डोळ्यांना सोंग जमत नाही, सर. बाहुल्या तुम्हाला खरोखर आवडायला हव्यात. सुरुवात पडद्याबाहेर करा.”

“या वयात आवडीनिवडी बदलायच्या?”

“मुलगी हवी असेल तर,” बाई हळूच म्हणाल्या.

वालावलकर कुडाळकडे बाहुल्यांचे खेळ बघायला जाऊ लागले. आधी नुसत्या जांभया आल्या. मग पांगाऱ्याचं लाकूड आणून त्यांनी स्वतःच एक बाहुली कोरायला घेतली. तिची मान काही केल्या डुलेना, आणि ती का डुलत नाही या विचारात त्यांची जेवणं राहू लागली. म्हातारा पुरता नादी लागला होता. वाटाड्याने हे बरोबर हेरलं आणि एके दिवशी बाहुल्यांचं पान पुढ्यात आणून ठेवलं. मग रोज नवं. राजस्थानी, ब्रह्मदेशी, कुठकुठले उस्ताद. त्यांची करामत बघताना वालावलकर कधीकधी ऋतालाही विसरत. भानावर आले, की त्यांना स्वतःची लाज वाटे.

एका दुपारी पडद्यावर एक चष्मेवाली बाहुली चालू लागली. गुडघ्याची दोरी चुकीच्या जागी बांधलेली, पाय फरफटत होता. ‘नवशिक्याचं काम,’ वालावलकर मनाशी म्हणाले आणि क्षणभर त्यांचं लक्ष उडालं. पान सरकू लागलं. सरकता सरकता त्यातून ओळखीचा आवाज आला, “ही बाहुली मी माझ्या बाबांवरून...”

ते धडपडत पडद्याकडे झेपावले. तिथे आता दुसरीच बाहुली नाचत होती, अगदी निर्दोष.

त्यांनी डॉ. मुजावरांना फोन लावला. “बाई, ती आली होती. ऋताच होती. परत आणा तिला.”

बाईंनी नोंदी पाहिल्या. “पानाचा पत्ता आम्ही ठेवत नाही, सर, नुसती रेंगाळ. ती नोंदली गेलीय. फार कमी आहे. असलं काम तो आता तुम्हाला दाखवणार नाही.”

“पण माझी मुलगी आहे हो ती.”

“ते त्याला कुठे माहीत? तुमचं मन तिथे रमलं नाही, एवढंच त्याला कळलं.”

वालावलकरांनी फोन ठेवला. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.